एकट्याने उचल घेऊ नका

विसरवाडी परिसरातील ऊसतोड कामगारांना आणि त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना तातडीचे आवाहन



पाऊस उघडीप देऊ लागला आहे. भात कापणीला आला की मुकादम पाड्यापाड्यांवर फिरू लागतील. काही पाड्यांवर येऊनही गेले असतील. सण तोंडावर आहे, घरात पैसा नाही, पोराची फी थकली आहे, म्हाताऱ्याचे औषध संपले आहे. अशा वेळी ओट्यावर बसून नोटा मोजणारा माणूस देवासारखा वाटतो. तो नेमका याच दिवसांत येतो आणि प्रत्येक घरात वेगवेगळा बोलतो. आमची विनंती आहे की विसरवाडी आणि आसपासच्या पाड्यांतील एकाही कुटुंबाने यंदा एकट्याने उचल घेऊ नये. आधी पाड्याने बसावे, अटी ठरवाव्यात, मगच मुकादमाला सगळ्यांसमोर बोलवावे.

आधी हिशेब बघा. आपल्या टोळ्या तोडीला गुजरातेत जातात; तिथल्या गुजरात सरकारने 2023 साली ऊसतोडीचा किमान दर टनाला 238 रुपयांवरून 476 रुपये केला. समजा, एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने मिळून, तीस हजारांची उचल घेतली. 476 च्या दराने ती फेडायला 63 टन ऊस तोडावा लागतो. हीच उचल दिढीने लावली तर तीस हजारांचे पंचेचाळीस हजार होतात आणि 94 टनांच्या वर तोड जाते. मधला एकतीस टन ऊस तुम्ही फक्त व्याजापोटी तोडला. थंडीत पहाटे उठून, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रक भरून, लहान पोराला फडाच्या कडेला निजवून. वर खाडे कापले जातात, खावटी कापली जाते. मे महिन्यात हिशेबाची पट्टी हातात पडते तेव्हा कित्येकांच्या नावावर उलट बाकी निघते आणि पुढच्या हंगामाची उचल तिथेच डोक्यावर बसते.

हे सगळे ठाऊक असूनही आपण एकेकटे अंगठा का लावतो? मुकादम आपल्यातला असतो म्हणून. तो आपली बोली बोलतो, लग्नाला येतो, कुणाचा मेहुणा तर कुणाचा मामा लागतो. त्याला नाही म्हणणे जड जाते. तो दुष्ट असतो असे आम्ही म्हणत नाही. कारखान्याच्या उचलीखाली तोही वाकलेला असतो. पण त्याची कमाई टनामागच्या कमिशनवर आणि टोळी पळून न जाण्यावर आहे. तुमची कमाई दरावर आणि हिशेबावर आहे. नात्यातला असला तरी त्याचे हित वेगळे आहे.

उलट डांगातून आलेला तोडणीवाला आपल्या नात्याचा नाही, गोताचा नाही, त्याची बोलीही वेगळी. पण त्याच पडावावर, त्याच प्लास्टिकच्या खोपटात तो राहतो आणि त्याच काट्यावर त्याचा ऊस मोजला जातो. खानदेशी माणसाला डांगचे नाव सांगायचे आणि डांगच्या माणसाला खानदेशाचे, एवढ्यावर दर पाडता येतो. म्हणून आपला कोण हे ठरवताना यंदा आडनाव विचारू नका. मावची असो, कोकणी असो, भिल असो की पावरा, ज्याच्या पट्टीत तुमच्यासारखीच कपात होते तो आपला.

विसरवाडीहून आपले ट्रक नवापूर, सोनगड, व्यारामार्गे बारडोलीकडे जातात. त्या बारडोलीचे नाव देशाला ठाऊक झाले ते 1928 साली. सरकारने शेतसारा 22 टक्क्यांनी वाढवला तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी ठरवले की कुणीच भरायचा नाही. जप्त्या आल्या, गुरे नेली, जमिनी लिलावात काढल्या. तरी लोक फुटले नाहीत. शेवटी सरकारला ती वाढ जेमतेम सहा टक्क्यांवर आणावी लागली आणि वल्लभभाई पटेलांना लोक सरदार म्हणू लागले. पुढे त्याच भागात शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाने उभे केले. म्हणजे एकीने काय मिळते हे उसाच्या मालकांना आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा चांगले कळलेले आहे. ते आजही उसाचा भाव एकत्र बसून ठरवतात. त्यांचा ऊस तोडणारे तेवढे एकेकटे उभे राहतात.

आणि आपल्याच जिल्ह्यात हे घडलेले नाही, असे तरी कुठे आहे? 1971 साली शहादा तालुक्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर आदिवासी नेते अंबरसिंग महाराज यांच्यासोबत लोक उभे राहिले, 1972 साली शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, श्रमिक संघटना उभी राहिली. सालदार, म्हणजे सालाने बांधलेला गडी, तोवर ज्याच्या त्याच्या मालकापुढे एकटा उभा राहायचा. ते एकत्र आले आणि सालाचा दर हा गावभर बोलायचा विषय झाला. बायका तर पुरुषांच्या पुढे गेल्या, गावातले दारूचे गुत्ते त्यांनी फोडले. ज्यांनी ते पाहिले असे म्हातारे अजून आहेत. त्यांना विचारा.

अलीकडचेही सांगतो. आपल्या राज्यातल्या ऊसतोड कामगारांनी संपाची तयारी केली, बोलणी लांबली, तरी ते हटले नाहीत आणि जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली. ती मिळण्यासाठी बीड-नगरचे कामगार काही कारखान्याच्या दारात एकेक करून गेले नव्हते. डोकाऱ्याचा आदिवासी सहकारी साखर कारखाना तर आपल्याच तालुक्यात आहे. जे तिथे तोडीला जाणार त्यांनीही याच पद्धतीने बोलावे.

आता करायचे काय ते. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. 1996 च्या पेसा कायद्याने आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. उचलीवरचे व्याज ही सावकारी नाही तर काय आहे? म्हणून दसऱ्याआधी प्रत्येक गावाने याच एका विषयासाठी ग्रामसभा बोलवावी आणि ठराव लिहून घ्यावा. उचलीवर व्याज नाही. टनाचा दर सरकारी किमान दरापेक्षा कमी नाही. काट्याची चिठ्ठी रोजच्या रोज टोळीच्या हातात. बाईचे नाव तिच्या नवऱ्यासोबत वहीत, कारण कोयता दोघांचा असतो आणि पट्टी मात्र एकाच्याच नावाची निघते. आजारपणाचा आणि दवाखान्याचा खर्च मुकादमाने किंवा कारखान्याने करायचा. जाणाऱ्या प्रत्येक माणसाचे, पोराबाळांसकट, नाव ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला लावायचे आणि मुकादमाचा पत्ता व फोन तिथेच लिहून ठेवायचा. शिकलेल्या पोरांनी टोळीची वही सांभाळायची. मोबाइलवर चिठ्ठ्यांचे फोटो काढायला काही पैसे पडत नाहीत.

उचल फिटेपर्यंत कुणाला अडकवून ठेवले, घरी जाऊ दिले नाही, तर तो वेठबिगारीचा गुन्हा होतो. 1976 पासून तसा कायदा आहे आणि तशा कर्जाची फेड मागताच येत नाही. तक्रार तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. एकटा माणूस परमुलखातून ती करू शकत नाही. मागे राहिलेला पाडा करू शकतो.

जे तोडीला जात नाहीत त्यांनाही सांगायचे आहे. विसरवाडीचा बाजार कशावर चालतो? कापड, किराणा, कौले, भांडी, सगळे हंगामाच्या पैशावर. पट्टी कोरी आली की दुकानदाराची उधारी बुडते. त्यामुळे व्यापाऱ्यांनी हा विषय आपला मानावा. गुरुजींनी मागे ठेवायच्या मुलांची सोय आताच बघावी, गावी राहणाऱ्यांनी रोजगार हमीच्या कामाची मागणी एकत्र भरावी आणि तिची पोच घ्यावी. घरच्या घरी काम मिळू लागले की मुकादमासमोर बोलताना आवाज आपोआप वर चढतो.

एकीचे आणखी एक जुने उदाहरण आहे. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगार जमवले आणि 1890 साली त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याला सव्वाशेहून जास्त वर्षे झाली. उसाच्या फडात अजून रविवार उगवलेला नाही.

कुणी म्हणेल, आम्ही थांबलो आणि शेजारच्या पाड्याने उचल घेतली तर? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला भाषणाने उत्तर देता येत नाही. त्यासाठी आजच दोन माणसे शेजारच्या पाड्यावर पाठवा. जे घर अगदीच अडले आहे, त्याला सणापुरते चार घरांनी उसने द्या. बचत गट आहेत, ते कशासाठी आहेत? आणि ज्याने आधीच पैसे घेतले त्याला वाळीत टाकू नका. त्यालाही ग्रामसभेत बसवा, त्याचाही हिशेब ठरावात घ्या. तो फुटलेला नाही, अडचणीत सापडलेला आहे.

हे आवाहन वाचून दाखवा. ज्याला वाचता येत नाही त्याला मावचीत, भिलोरीत, ज्याच्या त्याच्या बोलीत सांगा. आठवडे बाजारात सांगा, एसटीच्या थांब्यावर सांगा, ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्यांना सांगा. ग्रामसभेची तारीख या आठवड्यात ठरवा, आणि ती होईपर्यंत कुणाच्याही नोटांना हात लावू नका.