पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल!

वर्कशॉपमध्ये एखादं कास्टिंग रिजेक्ट करायचं म्हटलं तरी सर आधी टेस्ट रिपोर्ट मागतात. पण बाईच्या शरीरातला अख्खा अवयव काढायला कधी कधी एक शब्द पुरतो... कॅन्सर!

अतिशयोक्ती वाटते? मग शेजारच्या बीड जिल्ह्याचं बघा. तिथल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं २०१९ मध्ये गाजलं आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये देशभरात हेच प्रमाण साधारण ३ टक्के होतं.

अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून बाई दवाखान्यात जाते. 'पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल' असं ऐकल्याचं कित्येक जणींनी सांगितलंय. बऱ्याचदा हा साधा जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. कॅन्सर आहे की नाही हे बायोप्सीत ठरतं, नुसत्या सोनोग्राफीत नाही. पण एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून घरच्यांनाही वाटतं, एकदाची कटकट जाऊ दे.

'मग केस करा ना!' असं हॉस्टेलवर कुणीही म्हणेल. करता येते. पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय. तपासणीला दिलेली संमती म्हणजे अवयव काढायची संमती नव्हे, हेही २००८ च्या निकालात आहे. पण तक्रार साधारणपणे २ वर्षांत करावी लागते आणि पुरावा बाईने आणायचा. तिच्याजवळ असतं काय? अंगठा उठवलेला कागद तर दवाखान्यात!

डॉक्टरांवर सरसकट चिखलफेक मला मान्य नाही. प्रत्येक चुकलेलं निदान म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे कोर्टही मानतं आणि ते बरोबरच आहे. पण इथे निदान चुकलेलं नाही, ते केलेलंच नाही! म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की कॅन्सरचं नाव घेऊन पिशवी काढली असेल तर आधी दवाखान्याने लेखी रिपोर्ट दाखवावा. रिपोर्ट नसेल तर दोष त्यांचा धरावा.

तोपर्यंत आपण काय करायचं? मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी रेकॉर्ड ३ वर्षं ठेवायचं आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असतं. परभणीत जिल्हा ग्राहक आयोग आहे. उपचारासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही.

गंगाखेड, पालम, जिंतूरकडून आलेल्या कित्येकांच्या घरात इंग्रजी रिपोर्ट वाचू शकणारे आपणच पहिले. तेवढा तरी माझ्या कॉन्व्हेंटचा उपयोग! तेव्हा यंदा टोळ्या कारखान्यावर जायच्या आत घरी जा. आई, काकू, वहिनी, कुणालाही ऑपरेशन सांगितलं असेल तर एकच प्रश्न विचारा, 'बायोप्सीचा रिपोर्ट कुठाय?' मेसच्या मावशींनाही हे सांगा. लाजू नका!