‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

आपल्याकडे कपाशीवर मारतो तेही औषध आणि तापात घेतो तेही औषध. शहरातल्या पाहुण्यांना याची गंमत वाटते. पण शेतकरी बंधूंनो, आपल्या शरीरातल्या यकृताला, म्हणजे लिव्हरला, हा फरक खरोखरच कळत नाही. डोकेदुखीची गोळी असो, हातभट्टीची असो की क्लोरपायरीफॉस असो, परका पदार्थ रक्तात आला की यकृत त्याला एकाच कारखान्यात घालते. हा कारखाना कसा चालतो हे पंप पाठीवर घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कारण गावच्या बैठकीत हातमोजे, तोंडाला रुमाल, वाऱ्याची दिशा हे सगळे सांगून झाले की पारावरून एक ठरलेले उत्तर येते, “साहेब, वीस वर्षं झाली मारतोय, मला काही होत नाही.”

या उत्तरावर रागावून उपयोग नाही. तो माणूस खोटे बोलत नसतो. त्याला काही होत नाही हे खरेच असू शकते. पण त्यावरून त्याच्या शेजाऱ्यालाही काही होणार नाही असे ठरत नाही, किंवा यंदा त्याला स्वतःलाही होणार नाही असे ठरत नाही. का, ते पाहू.

बहुतेक कीटकनाशके तेलकट स्वभावाची असतात. पाण्यात सहज विरघळत नाहीत, म्हणून लघवीवाटे बाहेर पडत नाहीत. यकृताचे काम त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करण्याचे. हे काम एन्झाइम करतात, शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरे म्हटले आहे. पहिल्या टप्प्यावर सायटोक्रोम पी-४५० नावाच्या विकरांचा मोठा परिवार असतो. माणसात त्यांची ५७ जनुके आहेत. ही विकरे परक्या पदार्थाला बहुधा ऑक्सिजन जोडतात, म्हणजे जणू त्याला धरायला कडी बसवतात. दुसऱ्या टप्प्यात त्या कडीला साखरेपासून बनलेले एक आम्ल किंवा ग्लुटाथायोनसारखा पदार्थ बांधला जातो आणि सगळे गाठोडे लघवीतून वा पित्तातून बाहेर टाकले जाते. आपण घेतो त्यातल्या बऱ्याच गोळ्यांचा निकाल असाच लागतो.

इथपर्यंत सगळे छान. गोम पुढे आहे. कडी बसवताना विकराला विष कोणते आणि गोळी कोणती हे कळत नाही, आणि काही वेळा कडी बसवल्यानेच पदार्थ जास्त जहाल होतो. क्लोरपायरीफॉस हे याचे उत्तम उदाहरण. बाटलीतले क्लोरपायरीफॉस नसांवर फारसा घाव घालू शकत नाही. यकृतातले पी-४५० त्यातला गंधक काढून तिथे ऑक्सिजन बसवते आणि ‘ऑक्सॉन’ तयार होतो. हा ऑक्सॉन मूळ औषधापेक्षा शेकडो पट जोरकस. म्हणजे खरे विष बाटलीत नव्हते, ते आपल्याच शरीरात बनले! मोनोक्रोटोफॉस किंवा डायक्लोरव्हॉस यांना ही पायरी लागत नाही, ती तयार विषेच आहेत, म्हणून त्यांचा माणूस बांधावरच कोसळू शकतो. क्लोरपायरीफॉसवाला मात्र संध्याकाळी धडधाकट घरी येतो, जेवतो, आणि रात्री घाम सुटतो. घरच्यांना वाटते जेवण बाधले.

ऑक्सॉन बनला की तो धरतो कोलिनेस्टरेज या विकराला. नसेकडून स्नायूला निघालेला निरोप पोहोचला की तो पुसून टाकणे हे या विकराचे काम. ते अडकले की निरोप पुसलाच जात नाही. मग बुबुळ टाचणीएवढे बारीक होते, लाळ गळते, उलट्या, पोटात कळ, अंगाचे स्नायू फडफडतात, शेवटी छातीत पाणी भरल्यासारखे होऊन श्वास बंद पडतो. अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन यातली बरीच लक्षणे रोखते, पण अडकलेले विकर सोडवत नाही. त्यासाठी पाम म्हणून दुसरे औषध आहे, आणि उशीर झाला तर तेही चालत नाही. शिवाय पेशंट शुद्धीवर आला, हसला, बोलला, तरी एक ते चार दिवसांनी मान धरता न येणे, श्वास अडकणे असा दुसरा झटका येऊ शकतो. तेव्हा “आता बरा आहे, कापणी खोळंबलीय” म्हणून डॉक्टरांच्या मागे सुट्टीचा लकडा लावू नये.

आता ‘मला काही होत नाही’चे कोडे. ऑक्सॉनला तोडून निकामी करणारे एक विकर रक्तात असते, त्याचे नाव पॅराऑक्सोनेज. ते सगळ्यांच्या रक्तात सारख्या जोमाचे नसते. मोठ्या माणसामाणसांत त्याच्या कामात दहापट आणि त्याहून जास्त फरक आढळतो. पुष्कळसा भाग आईबापाकडून येतो. तान्ह्या मुलांत तर ते फारच कमी असते, म्हणून फवारणीच्या कपड्यांनिशी लेकरू उचलू नये. गोळ्यांच्या बाबतीत डॉक्टर लोकांना हे जुनेच माहीत आहे. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड काहींचे शरीर झपाट्याने मोडते, काहींचे सावकाश, आणि हा फरक वंशाने येतो, हे १९५०च्या दशकातच कळले होते. उंची जशी कोणाची कमी, कोणाची जास्त, तसेच हे. त्यात मर्दुमकी नाही आणि दुबळेपणाही नाही.

बाकी अळीकडेही हीच विकरे आहेत बरे का. ज्या अळ्यांची विकरे जोरदार त्या जगतात, त्यांचीच पिल्ले पुढच्या हंगामात येतात, आणि आपण म्हणतो औषध लागू पडत नाही. अळीच्या पिढ्या एका हंगामात बदलतात. आपल्या बदलायला पंचवीस वर्षे लागतात. डोस वाढवण्याच्या या शर्यतीत कोण मागे पडणार ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट साठ्याची. लाल रक्तपेशीतले अडकलेले कोलिनेस्टरेज परत मिळते ते नव्या पेशी तयार झाल्यावर, आणि रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. घरची चार एकर मारणाऱ्याला दोन फवारण्यांत पंधरा-वीस दिवस मिळतात. पण पंपामागे पैसे घेऊन आज याच्या, उद्या त्याच्या शेतात मारणारा मजूर रोज थोडे थोडे विकर गमावत जातो, भरपाई होत नाही. मग चाळिसाव्या दिवशी नेहमीच्याच औषधाने तो पडतो. गाव म्हणते, “कालपर्यंत तर ठीक होता, नक्की प्यायला असेल.”

आणि तिसरी गोष्ट, मिश्रण. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकत्र का देतात? सायपरमेथ्रिन मोडणाऱ्या विकराला प्रोफेनोफॉस जखडून ठेवते, म्हणून सायपरमेथ्रिन कीटकात जास्त टिकते. हे कंपनीचे गणित कीटकापुरते ठीक आहे. पण त्याच जातीची विकरे आपल्या अंगातही आहेत. त्यावर आपण आणखी एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक टॉनिक बादलीत ओततो आणि काठीने ढवळतो. बाटलीवरचा लाल-पिवळा-निळा-हिरवा रंग उंदरांवरच्या चाचणीवरून ठरतो, आणि तो त्या बाटलीपुरता असतो, बादलीतल्या काल्यापुरता नव्हे. यात काय होऊ शकते ते पाकिस्तानात १९७६ साली दिसले. हिवतापाच्या मोहिमेत घरोघर मॅलॅथिऑन मारत होते. मॅलॅथिऑन माणसाला त्यातल्या त्यात सौम्य, कारण आपल्या यकृतातले कार्बॉक्सिलएस्टरेज ते पटापट मोडते. पण त्या वर्षीच्या मालात आयसोमॅलॅथिऑन ही अशुद्धी होती, आणि तिने नेमके हेच विकर बंद पाडले. सुमारे ७५०० कामगारांपैकी अंदाजे २८०० जणांना विषबाधा झाली, किमान पाच दगावले. औषध तेच, माणसे तीच, फक्त मोडणारे विकर गेले.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, उकाडा, वरच्या दिशेने फवारा, आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतरच्या चर्चेत सूर एकच होता, की मजुरांनी काळजी घेतली नाही. मी स्वतः कृषी विस्ताराचे काम करतो, काळजी घ्या असे सांगणे हीच माझी नोकरी, तरीही हा सूर मला मान्य नाही. हातमोजे घालायलाच हवेत. पण ज्याचे पॅराऑक्सोनेज जन्मतः मंद आहे आणि ज्याचे कोलिनेस्टरेज महिनाभराच्या मजुरीने अर्ध्यावर आले आहे, त्याला नुसते ‘निष्काळजी’ म्हणून मोकळे होणे हा अन्याय आहे. त्याला हे कोणी मोजून सांगितलेच नव्हते.

आणि मोजता येते. कॅलिफोर्नियात १९७४ पासून हा नियम आहे. अशी जहाल औषधे वारंवार हाताळणाऱ्या कामगाराचे रक्त हंगामाआधी तपासून त्याची स्वतःची मूळ पातळी नोंदवतात. पुढच्या तपासणीत लाल पेशीतले कोलिनेस्टरेज मूळच्या ७० टक्क्यांवर किंवा खाली आले, तर पातळी पुन्हा ८० टक्क्यांवर येईपर्यंत त्याला त्या औषधापासून दूर ठेवतात. माणसामाणसांत फरक असतो म्हणून तुलना दुसऱ्याशी नाही, त्याची त्याच्याशीच. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जून महिन्यात मजुरीने फवारणाऱ्यांपुरती ही तपासणी ठेवणे अशक्य नाही. पाण्यावर, रस्त्यावर ग्रामसभेत ठराव होतात, यावर एकही झालेला मी ऐकलेला नाही. कोणत्या तरी गावाने करून पाहावा.

तोवर एक-दोन गोष्टी. फवारणीनंतर डोके धरले की किराणा दुकानातली पॅरासिटामॉल घ्यायची आणि वर रात्री थोडी ‘घ्यायची’, ही रीत सोडा. पॅरासिटामॉलचा थोडा भागही यकृतात विषारी बनतो, त्याला ग्लुटाथायोन बांधते. उपाशी माणसात आणि रोजच्या पिणाऱ्यात तो साठा आधीच कमी. शिवाय डोकेदुखी ही विषबाधेची पहिली खूण असेल तर गोळीने ती झाकली जाते. दूध, लिंबू, तूप यांनी रक्तातले विष मरत नाही. भिजलेले कपडे आधी काढा, साबणाने अंग धुवा, विष कातडीतून आत जातच असते. दवाखान्यात जाताना बाटली बरोबर न्या, आणि मिश्रण केले असेल तर सगळ्या बाटल्या न्या. लेबल निघाले असेल तर कृषी केंद्राची पावती न्या. कोणते औषध ते कळले तरच डॉक्टरांना अंदाज येतो, की हे तयार विष आहे की अजून आत बनायचे आहे.