परकीय कोणते?

आपण स्त्री, पुरुष, की या दोहोंहून निराळे, हे ज्याचे त्याने ओळखावे, असे म्हणताच आमच्या सुशिक्षित घरांतून ठराविक उद्गार निघतो: 'हे पाश्चात्त्यांचे खूळ!' हा उद्गार अज्ञानाचा आहे, असे आम्हांस स्पष्ट म्हणावयाचे आहे. कन्या म्हणून जन्मलेल्या व पुत्र म्हणून वाढलेल्या शिखंडीची कथा कोणत्या आगबोटीने आली? परकीय होता तो १८७१ चा कायदा. त्याने उत्तर हिंदुस्थानात संशयित हिजड्यांच्या नोंदवह्या करविल्या व त्यांनी उघड स्त्रीवेष केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद ठरविली. माणसाची ओळख सरकारी दप्तराने ठरवावी, ही कल्पनाच साहेबाची!

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही ओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला व त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदेशीर ठरविला. तथापि २०१९ च्या कायद्याने एका हाताने तो अधिकार दिला आणि दुसऱ्या हाताने जिल्हा दंडाधिकाऱ्याचा दाखला मागितला.

कोणी म्हणतील, स्वतःच्या शब्दावर विसंबल्यास खोटेपणा माजेल. आम्ही विचारतो, जेथे उपहास आणि गृहत्याग हीच प्राप्ती, तेथे हौसेने खोटे कोण बोलेल? उद्या आपलेच अपत्य अडखळत काही सांगू लागले, तर वाचकहो, प्रथम ऐकून घ्यावे. साहेब गेला, त्याची नोंदवही आपल्या माजघरात तरी नसावी.