ब्रेकर मोठा नको, बेताचा हवा

मोठे कुलूप लावले की घर सुरक्षित, हा आपला जुना समज आता विजेच्या पेटीपर्यंत पोहोचला आहे. लोंढ्यात आषाढाची झड लागते, भिंती ओल धरतात, आणि एखाद्या घरचा ब्रेकर वारंवार पडू लागतो. लगेच कोणीतरी सुचवितो, ‘१० चा काढून ३२ चा बसवा!’ ब्रेकर पडावयाचा थांबतो. दोष मात्र भिंतीतच राहतो. हा सल्ला मला घातक वाटतो.

ब्रेकर हा तारेचा राखणदार आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला ६ किंवा १० अँपिअरचा आणि अडीचच्या तारेला १६ चा ब्रेकर, अशी सर्वसाधारण वहिवाट आहे. तार तीच ठेवून राखणदार तेवढा सुस्त नेमला तर काय होईल, ते दहावीतल्या ओहमच्या नियमानेच पाहता येते.

फेज आणि न्यूट्रल एकमेकींस भिडल्या म्हणजे शॉर्ट सर्किट होते. त्या वेळचा प्रवाह म्हणजे २३० व्होल्टला संपूर्ण वाटेतील रोधाने भागून येणारा आकडा. १०० केव्हीएच्या रोहित्रापाशी तो ३००० अँपिअरच्या आसपास जातो. परंतु रानालगतच्या वाडीच्या टोकाशी, जेथे वीज लांबून बारीक तारांवरून येते, तेथे रोध १ ओहम भरला तर प्रवाह अवघा २३० अँपिअर! खरी मेख येथेच आहे.

ब्रेकरच्या पोटात दोन यंत्रणा असतात. दोन धातूंची पट्टी तापून सावकाश वाकते. विद्युच्चुंबक मात्र क्षणार्धात वीज तोडतो. ‘सी’ वर्गाच्या ब्रेकरचा चुंबक त्यावरील आकड्याच्या पाच ते दहापट प्रवाहाला जागा होतो. म्हणजे ३२ च्या ब्रेकरला खात्रीसाठी ३२० अँपिअर हवेत. २३० वर तो पट्टीच्या भरवशावर काही सेकंद थांबू शकतो, आणि दीडच्या तारेचे प्लॅस्टिकचे वेष्टन सुमारे अर्ध्या सेकंदातच सहनशक्तीच्या टोकाला येते. तेथे १० चा ब्रेकर असता तर त्याला १०० अँपिअर पुरले असते. ‘बी’ वर्गाचा चुंबक तीन ते पाचपटींतच जागा होतो. दूरच्या घरांतील दिव्यांसाठी मी तोच पसंत करीन.

ब्रेकरवर चौकटीत ६००० किंवा १०००० असा आणखी एक आकडा छापलेला असतो. तेवढ्या अँपिअरचा प्रवाह तो स्वतः न फुटता तोडू शकतो. आपल्याकडील घरांस ६००० सहसा पुरे. वाडीच्या टोकाला १०००० साठी जादा पैसे मोजणे व्यर्थ होय. चौकटच नसलेला स्वस्त माल मात्र घरात आणू नये.

१८८७ साली गोकाकच्या धबधब्यावर वीज निर्माण झाली, ती आपल्याच जिल्ह्यात. इतक्या जुन्या ओळखीनंतरही ब्रेकर माणसाला झटक्यापासून वाचवितो असे पुष्कळांना वाटते. ते काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे. जादा ब्रेकरवरचे पैसे वाचवून तो घ्यावा, आणि त्यावरील चाचणीची कळ अधूनमधून दाबून पाहावी. कळ दाबूनही वीज गेली नाही, तर वायरमनला त्याच दिवशी बोलवावे.