ही नळी अजून कशासाठी?

रुग्ण एका व्याधीसाठी रुग्णालयात जातो आणि दुसऱ्याच व्याधीने दगावतो, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, परंतु पुढे 'इन्फेक्शन' झाले आणि कोणतेच औषध लागू पडेना, असे डॉक्टर सांगतात. आप्तेष्ट दैवाला बोल लावून घरी परततात. आमचे स्पष्ट म्हणणे असे की, येथे दैवाचा वाटा आपण मानतो त्याहून पुष्कळ कमी आहे आणि माणसाच्या हयगयीचा पुष्कळ अधिक.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लक्ष ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकाने प्रसिद्ध केला. हे संकट न सांगता आले काय? मुळीच नाही. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात.

मग धोका अधिक कोणास? वृद्ध, मधुमेही, मूत्रपिंडाचे विकारी आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले यांस, हे खरेच. तेथे कोणाचा इलाज नाही. परंतु उरलेली यादी पाहा. मागील काही महिन्यांत घेतलेली प्रतिजैविके, रुग्णालयातील लांबलेला मुक्काम, एका रुग्णालयातून दुसऱ्यात झालेली हलवाहलव, अतिदक्षता विभाग, आणि श्वासमार्गात, शिरेत व मूत्रमार्गात घातलेल्या नळ्या! यांतील बरेचसे माणसाच्या हाती आहे.

औषधाची सवय शरीराला होते, ही समजूत चुकीची आहे. निर्ढावतात ते जंतू. प्रतिजैविक दुर्बळ जंतूंना मारते, आतड्यातील निरुपद्रवी जंतूंनाही मारते, आणि मोकळे रान मिळते ते निर्ढावलेल्यांना. नळी शरीराचा तट फोडते. तिच्या अंगावर जीवाणू चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषधाची मात्रा चालेनाशी होते. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे या शत्रूला नेणारे वाहन बहुधा न धुतलेला हात हेच असते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांस हात धुवावयास लावून बाळंतिणींचे मृत्यू घटविले. तो धडा आजही पुरता गिरविला जात नाही, याला काय म्हणावे?

प्रतिजैविके टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. गंभीर रुग्णास ती वेळेवर मिळालीच पाहिजेत. परंतु शक्य तेथे आधी रक्त-लघवीची कल्चर तपासणी व्हावी आणि अहवाल येताच औषधाचा फेरविचार व्हावा. प्रत्येक नळीची गरज दररोज तपासली जावी; गरज संपताच ती निघावी.

आणि नागरिकहो, आपलेही कर्तव्य आहे. सर्दीपडशासाठी दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणू नका. रुग्णास दाखल करताना मागील औषधांच्या सर्व चिठ्ठ्या व पूर्वीच्या रुग्णालयाचे कागद डॉक्टरांपुढे ठेवा. खाटेजवळ जाताना व परतताना हात धुवा. आणि रोज सकाळी नम्रपणे, पण न कचरता विचारा: ही नळी अजून कशासाठी? या प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही. एखाद्याचा प्राण मात्र वाचू शकतो.