कवटी उघडतोच, पण पाहतो काय?

चेंबूर, गोवंडी, मानखुर्द या पट्ट्यात कोणी आत्महत्या केली की पुढचा क्रम ठरलेला असतो. पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो आणि मृतदेह घाटकोपरच्या राजावाडीतल्या शवविच्छेदन केंद्रात, नाहीतर शीवच्या रुग्णालयात जातो. तिथे इतर अवयवांबरोबर कवटीही उघडली जाते. मेंदू बाहेर काढून त्याचे वजन घेतात, रक्तस्राव, सूज, इजा यांपैकी काही आहे का ते पाहतात आणि तो परत ठेवून देतात. विषाचा संशय असेल तर जठर, आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे रवाना होतात. व्हिसेरा राखून ठेवला, असे वर्तमानपत्रात छापून येते ते हेच. मृत्यू कशाने झाला, एवढे या सगळ्यातून कळते. त्याच बातमीत शेवटी एक वाक्य असते, नैराश्यातून टोकाचे पाऊल उचलल्याचा प्राथमिक अंदाज. हे नैराश्य पाहिले कोणी? कवटी उघडणाऱ्याने पाहिलेले नाही, कारण ते पाहण्याची सोयच तिथे नाही. पंचनामा करणाऱ्या हवालदाराने रडणाऱ्या नातेवाइकांकडून दोन वाक्ये ऐकलेली असतात, त्यांवरून कारणाचा रकाना भरला जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. कारणांत कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के आणि आजारपण १८.४ टक्के. टक्केवारी दशांशापर्यंत काढलेली आहे, तिच्या मुळाशी मात्र ती दोन वाक्येच आहेत. म्हणून माझे म्हणणे असे की, स्किझोफ्रेनिया, नैराश्य आणि आत्महत्या यांच्या अभ्यासासाठी मरणोत्तर मेंदूचे संशोधन मुंबईत व्हायला हवे, आणि ते मृताच्या आयुष्याच्या चौकशीला जोडूनच व्हायला हवे. या म्हणण्याला समाजशास्त्र आणि विज्ञान अशा दोन्ही बाजूंनी विरोध होतो, तेव्हा आधी तो विरोध पाहू.

पहिला आक्षेप चेंबूरकरांच्या अगदी शेजारून, देवनारहून येतो, आणि तो आदरानेच ऐकायला हवा. तिथल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाला शेतकरी आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल सादर केला. त्यात शेतीचे अर्थकारण आणि कर्ज यांचे प्रश्न ऐरणीवर आले. त्या विचाराचा माणूस विचारतो, कापसाला भाव मिळत नाही म्हणून माणूस मरतो आणि तुम्ही त्याच्या मेंदूत रसायने शोधणार? ही तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! व्यवस्थेचा दोष मृताच्या डोक्यात ढकलायची ही युक्ती आहे, असा त्याचा संशय. संशय निराधार नाही. शेतकरी मेला की दारू, व्यसन, मानसिक दुर्बलता ही कारणे पुढे करून नुकसानभरपाई नाकारण्याची सरकारी वृत्ती आपण पाहिलेली आहे. पण एवढ्यावरून युक्तिवाद पुरा होत नाही. तेच कर्ज, तीच नापिकी, तोच सावकार गावातल्या शंभर घरांत असतो. मरतो त्यांतला एखादा. त्या एकाचे काय वेगळे होते, हा प्रश्न विचारल्याने कर्जाचा दोष कणभरही कमी होत नाही. चेन्नईत लक्ष्मी विजयकुमार आणि एस. राजकुमार यांनी १९९९ साली आत्महत्या केलेल्या १०० जणांची, तशाच परिस्थितीत जगणाऱ्या १०० जणांशी तुलना प्रसिद्ध केली. मृतांमध्ये मानसिक विकाराचे प्रमाण जिवंतांच्या कित्येक पटींनी जास्त आढळले. आपल्याकडे केईएम रुग्णालयाच्या डॉ. शुभांगी पारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मालाडच्या मालवणी वस्तीत मृतांच्या घरच्यांशी बोलून केलेला अभ्यास २००९ साली आला. त्याला त्यांनी सामाजिक-सांस्कृतिक शवविच्छेदन असेच नाव दिले होते. घर, पैसा, नवऱ्याचे व्यसन, आजार यांचा गुंता किती घट्ट असतो हे असल्या कामातूनच दिसते, हवालदाराच्या रकान्यातून दिसत नाही.

समाज की मेंदू या वादाचा पायाच ज्याने हलवला, तो प्रयोग मरणोत्तर मेंदूवरचाच आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या पॅट्रिक मॅकगोवन, मायकेल मीनी, गुस्ताव्हो टुरेकी आदींनी २००९ साली क्यूबेकच्या मेंदूपेढीतले ३६ मेंदू तपासले. १२ मेंदू बालपणी अत्याचार सोसलेल्या आणि पुढे आत्महत्या केलेल्यांचे, १२ आत्महत्या केलेल्या पण असा अत्याचार न झालेल्यांचे, आणि १२ अन्य कारणांनी अचानक मेलेल्यांचे. हिप्पोकॅम्पस या भागात, ताणाच्या संप्रेरकाला आवर घालणाऱ्या ग्राहीच्या जनुकावर त्यांनी रासायनिक खुणा मोजल्या. पहिल्या गटात त्या खुणा जास्त होत्या आणि जनुकाचे काम मंदावलेले होते. दुसरा गट मात्र तिसऱ्यासारखाच निघाला. हा निष्कर्ष सावकाश वाचण्यासारखा आहे. दुसऱ्या गटानेही आत्महत्याच केली होती, तरी ती खूण त्यांच्यात नव्हती. म्हणजे खुणेचा संबंध मरणाच्या प्रकाराशी लागला नाही, बालपणाशी लागला. घरात झालेला छळ पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचला होता. संख्या लहान आहे, आणि एका अभ्यासावर इमला रचू नये, हे मान्य. पण व्यवस्थेचा दोष डोक्यात ढकलला जातो म्हणणाऱ्यांनी हा पुरावा बघावा. इथे मेंदूनेच घराविरुद्ध साक्ष दिली आहे. आणि ती साक्ष वाचता आली, कारण मृतांच्या नातेवाइकांशी बोलून त्यांच्या बालपणाची नोंद आधी करून ठेवलेली होती. नुसते ३६ बरणीबंद मेंदू असते तर त्यांची वर्गवारीही करता आली नसती.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो आणि तो अधिक बोचरा आहे. शंभर वर्षे मेंदू कापून मिळाले काय? आलॉइस अल्झायमरने म्युनिकला मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनच्या हाताखाली काम केले. १९०६ साली त्याने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या मेंदूतल्या गाठी आणि थर दाखवून दिले, आणि तो आजार आज त्याच्या नावाने ओळखला जातो. स्किझोफ्रेनियात तसे काही हाती लागले नाही. १९७२ साली तर फ्रेड प्लम या अमेरिकी मेंदुतज्ज्ञाने स्किझोफ्रेनियाला मेंदुविकृतिशास्त्रज्ञांचे कबरस्तान ठरवून टाकले. गोष्ट खरी आहे आणि आजही एकटा मेंदू टेबलावर ठेवला तर तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचा आहे की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जे फरक आहेत ते गटांच्या सरासरीतले. पण न सापडणे हेही अनेकदा सापडणेच असते. पेशी मरत गेल्या की मेंदूत आधारपेशींचा व्रण उरतो. स्किझोफ्रेनियाच्या मेंदूत तो व्रण ठळकपणे दिसत नाही. त्यावरून हा आजार म्हातारपणातल्या झिजेसारखा नसून मेंदूच्या घडणीतच काही बिघडत असावे, या विचाराला बळ आले. आईच्या थंड वागण्याने मुलगा वेडा होतो, ही एकेकाळची क्रूर उपपत्ती मोडीत निघायला मेंदूच्या आणि आनुवंशिकतेच्या अशाच अभ्यासांचा हातभार लागला. २००० साली पिट्सबर्गच्या ग्लांत्झ आणि लुईस यांनी मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटे, जिथे एक पेशी दुसरीचा संदेश घेते, ते या रुग्णांत विरळ असल्याचे दाखवले. २०१६ साली हार्वर्ड आणि ब्रॉड संस्थेच्या गटाने प्रतिकारशक्तीशी संबंधित सी-फोर या जनुकाची विशिष्ट रूपे या आजाराचा धोका वाढवतात हे सिद्ध केले. त्या रूपांमुळे मेंदूत हे जनुक जास्त काम करते हे त्यांना शेकडो मरणोत्तर मेंदूंमध्येच मोजता आले, आणि पेशींमधले सांधे छाटण्याच्या कामात या जनुकाचा वाटा असतो हे उंदरांत दिसले. काटे विरळ का, या प्रश्नाला त्यामुळे निदान एक दिशा मिळाली. कबरस्तानात एवढी हालचाल बरी म्हणायची!

नैराश्याच्या बाबतीत मी आक्षेपकांच्या बाजूने दोन पावले जाईन. सेरोटोनिन कमी झाले म्हणून नैराश्य येते, हे वाक्य डॉक्टरांनी आणि औषधकंपन्यांनी इतक्या वेळा सांगितले की ते आता रिक्षावाल्यालाही पाठ आहे. २०२२ साली जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा एकत्र करून त्याला सुसंगत आधार नसल्याचे मांडले. त्यावर वाद झडले, पण ते भाबडे सूत्र आता टिकत नाही हे मला पटते. मात्र सूत्र पडले म्हणून नैराश्याचा मेंदूशी संबंधच नाही असे ठरवणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे. शिवाय सूत्र पडले ते मोजमापांनीच.

तिसरा आक्षेप तंत्राचा आहे आणि मुंबईत तोच खरा अडसर ठरेल. मेलेला मेंदू म्हणजे काही जिवंत मेंदूची थांबवलेली फिल्म नव्हे. औषधे, सिगारेट, दारू, मरतानाची तडफड, मृत्यू आणि विच्छेदन यांतले तास, सगळ्यांचा परिणाम ऊतीवर होतो. १९७८ साली टोरंटोच्या फिलिप सीमन यांना स्किझोफ्रेनियाच्या मेंदूंत डोपामिनचे ग्राही वाढलेले दिसले तेव्हा ती वाढ आजाराची की आयुष्यभर घेतलेल्या औषधांची, हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. अमेरिकेतल्या स्टॅन्ली प्रतिष्ठानाच्या संग्रहात म्हणूनच प्रत्येकी १५ असे चार गट, एकूण ६० मेंदू, वय, लिंग, मृत्यूनंतरचे तास, ऊतीची आम्लता हे सारे जुळवून निवडले गेले. आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला मुभा दिली, पण खून, बलात्कार, कुजलेले मृतदेह यांच्याबरोबर आत्महत्याही त्यातून वगळल्या. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तेवढाच अपवाद. पुरावा निसटू नये हा हेतू समजण्यासारखा आहे. तरी संध्याकाळी गेलेल्या माणसाचा मेंदू सकाळपर्यंत थांबतो, आणि आरएनएसारखे नाजूक रेणू तोवर खराब होऊ शकतात. शीतगृह नीट चालत असेल तर हानी कमी होते. अनेक प्रथिने, पेशींची संख्या आणि रचना, डीएनएवरच्या खुणा यांचा अभ्यास तेवढ्या उशिरानेही करता येतो. उलट आपल्याकडे एक गोष्ट अभ्यासाच्या पथ्यावर पडते, आणि ती लिहिताना लाज वाटते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार तीव्र मानसिक विकार असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना उपचारच मिळत नव्हते. अमेरिकेतल्या मेंदूपेढ्यांना औषध न घेतलेला मेंदू दुर्मीळ. आपल्याकडे सीमन यांच्या वादाचे उत्तर देऊ शकणारे मेंदू रोज तपासले जातात आणि परत ठेवले जातात.

देशात हे कोणी करतच नाही असेही नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने १९९५ पासून मेंदूपेढी आहे, आणि नातेवाइकांच्या लेखी संमतीनेच तिथे मेंदू घेतले जातात. संमतीच्या मुद्द्यावर मात्र तसूभरही सूट नको. लिव्हरपूलच्या आल्डर हे रुग्णालयात मृत मुलांचे अवयव आईबापांना न विचारता साठवले गेल्याचे उघड झाले. २००१ च्या चौकशी अहवालाने ब्रिटन हादरले आणि २००४ चा मानवी ऊतींचा कायदा आला. राजावाडीच्या बाहेर मृतदेह ताब्यात मिळण्याची वाट पाहणाऱ्या बापाला खाकीतल्या माणसाने मेंदूबद्दल विचारणे ही जबरदस्तीच. तिथे प्रशिक्षित समाजसेवकच हवा. नकार आला तर त्याने दुसऱ्यांदा विचारू नये, आणि आयुष्याची चौकशी काही आठवड्यांनी, घरच्यांची इच्छा असेल तरच व्हावी. गुप्ततेची हमीही हवी, कारण धाकट्या बहिणीचे लग्न मोडेल या धास्तीने आजार लपवणारी घरे चेंबूरच्या कॉलन्यांतही आहेत आणि गोवंडीच्या झोपड्यांतही. धर्माचा आक्षेप मला फारसा जड वाटत नाही. नेत्रदान आणि देहदान महाराष्ट्राने आपलेसे केले आहे. अशा मृत्यूत शवविच्छेदन टळतही नाही, आणि पोलीस प्रकरणातला देह वैद्यकीय महाविद्यालये देहदानात स्वीकारत नाहीत. त्यामुळे या घरांना काही देता येण्याची ही आणखी एक वाट ठरते.

हाच पैसा समुपदेशनावर खर्च करा, असे कोणी म्हणेल. समुपदेशन हवेच. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तो प्रत्येक रिक्षाच्या पाठीवर लिहावा. पण कोणाला कोणती मदत लागू पडेल हे ओळखण्याची साधने आज आपल्याकडे तुटपुंजी आहेत, आणि ती फोनवरून तयार होणार नाहीत. मागणी फार मोठी नाही. केईएम किंवा शीवच्या विकृतिशास्त्र विभागात उणे ८० अंशांचे शीतकपाट, राजावाडीत संमती घेणारा समाजसेवक, घरच्यांशी बोलायला देवनारचे प्रशिक्षित अभ्यासक आणि निम्हान्सची कार्यपद्धती. देवनार ते राजावाडी अंतर जेमतेम काही किलोमीटर आहे. राजावाडी रुग्णालय पालिकेचे, शवविच्छेदनाची व्यवस्था राज्याची. म्हणून राज्याच्या आरोग्य विभागाने आणि मुंबई महापालिकेने एकत्र बसून संमतीचा मराठी, हिंदी आणि उर्दू अर्ज तयार करावा, नैतिक समितीकडून तो तपासून घ्यावा आणि अशी मेंदूपेढी मुंबईत सुरू करावी.