विश्लेषण : व्हेंटिलेटर काढण्याचा निर्णय कुणाचा? अमरावती-अकोल्यात प्रक्रिया कशी?

रुग्ण बरा होण्याची आशा उरलेली नाही, असं डॉक्टर सांगतात. एका मुलाला वडिलांचे हाल थांबवायचे असतात, दुसऱ्याला आणखी वाट पाहायची असते. अशा वेळी कायदा काय सांगतो?

हा कायदा कसा घडला?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३च्या हल्ल्यानंतर जवळपास ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासाठी दयामरणाची मागणी पिंकी विराणी यांनी केली. त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांनी विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मागणी फेटाळली, मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. शानबाग यांचं २०१५ मध्ये निधन झालं. पुढे ९ मार्च २०१८च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं. जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सुटसुटीत झाली.

आता काय करावं लागतं?

रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं मंडळ आधी मत देतं. मग दुसरं मंडळ तपासणी करतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावं, अशी अपेक्षा आहे. इच्छापत्र नसेल तर नातेवाइकांची लेखी संमती लागते. अंमलबजावणीआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मंडळाने नकार दिला तर वऱ्हाडातील कुटुंबाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाता येतं. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं मात्र आजही गुन्हाच आहे.

मेंदूमृत्यूची बाब वेगळी. त्यासाठी १९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा लागू होतो.

वाद कशावर?

खरी गुंतागुंत पैशांची आहे. शेत गहाण पडल्यावर अनेक कुटुंबं ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही करून रुग्णाला घरी नेतात. ही सही म्हणजे रुग्णाची इच्छा की कुटुंबाची हतबलता, हे कोणतंही मंडळ तपासत नाही. वेदना कमी करणारे उपचारही घरी मिळतीलच असं नाही.

आधी काय करता येईल?

दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलेलं इच्छापत्र सज्ञान व्यक्ती शुद्धीत असताना करू शकते. त्याची प्रत महापालिका किंवा स्थानिक संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची असते. निर्णयाचा भार मग मुलांवर कमी पडतो, भावंडांमधला वादही टळू शकतो.